सर्कशीचं गाऱ्हाणं

माझी पुतणी गोव्यात नोकरीला आहे, असं आमच्या गावाला बरीच वर्षं माहीत होतं. गावाला हे कोणी सांगितलं याचा शोध घेत गेलं तर माझ्या थोरल्या भावापाशी येऊन थांबावं लागतं, पण त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. तो एवढंच म्हणायचा, "ता गोंयात आसा." बाकीचं गावाने स्वतः भरून घेतलं. बांद्याच्या पलीकडे औषधांचे कारखाने, त्यांच्या बसगाड्या, त्यांत चढणारी आमच्याकडची पदवीधर पोरं, हे सगळं रोज डोळ्यांसमोर. तेव्हा बी.एस्सी. झालेली मुलगी गोव्यात म्हणजे गोळ्यांच्या कारखान्यात, हे ठरूनच गेलं. एका शेजाऱ्याने भावाकडे डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या, "थेट कारखान्यातल्या". भावाने त्या सावंतवाडीच्या दुकानातून आणून दिल्या. शेजारी म्हणाला, ह्यांचा गुण वेगळाच.

मुलगी सर्कशीत होती.

सर्कस म्हटल्यावर माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे सावंतवाडीच्या मैदानातला तंबू येतो. त्यात एक सिंह होता. त्याला रिंगणात आणायला मागून बरंच ढकलावं लागे, आणि आल्यावर तो जांभई देई. चाबूकवाला ती जांभई पूर्ण होईपर्यंत अदबीने थांबे आणि मग जिवावर उदार झाल्यासारखा चाबूक वाजवी. लहानपणीही मला त्या दोघांत सिंहच जास्त शिकलेला वाटे. पुढे जनावरांबाबत कायदे आले, सिंह गेले, अस्वलं गेली. तंबूत माणसं तेवढी उरली, आणि माणसं बघायला पैसे कशाला मोजायचे, असं आमच्याकडे सर्वांचंच मत पडलं. सर्कस संपली, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती उच्चशिक्षण घ्यायला गेली होती.

पुतणीच्या मंडळीत एक वास्तुशास्त्र शिकलेला होता, एक फिजिओथेरपिस्ट होती, एकाने बँकेतली नोकरी सोडली होती. तंबू नव्हता, जुन्या कौलारू गोदामात त्यांचं बस्तान होतं. सिंह नव्हता, पण सिंहाची उणीव भरून निघेल एवढ्या भूमिका होत्या. प्राण्यांना राबवायचं नाही ही पहिली, आणि ती मला ताबडतोब पटली. पुढच्या पटायला जरा जड गेल्या. पुतणी तिथे गेली ती पाठीच्या दुखण्यामुळे. ती खरोखरच काही महिने कारखान्यात होती. दिवसभर उभं राहून पाठ धरली, तेव्हा बरोबरच्या मुलीने सांगितलं की अमुक ठिकाणी दोरीला लोंबकळायला शिकवतात, पाठ मोकळी होते. ही लोंबकळायला म्हणून गेली आणि परत आलीच नाही.

मी त्यांचा एक प्रयोग पाहायला गेलो. घरातला सुशिक्षित म्हणून ही कामं माझ्याकडे येतात. दारात पत्रक दिलं, त्यावर लिहिलं होतं, 'शरीर, अवकाश आणि गुरुत्वाकर्षण यांच्यातला मुक्त संवाद'. आयुष्यभर कॉलेजात शिकवल्यामुळे असली वाक्यं मला चावत नाहीत. गुरुत्वाकर्षण संवादात फार बोलत नसलं तरी शेवटचा शब्द त्याचाच असतो, एवढं मनात म्हणून मी बसलो. एका तरुणाने खुर्चीत बसण्याचा प्रयत्न केला आणि तो बराच वेळ फसला. मग एक बाई कशालाही न टेकवलेल्या शिडीवर चढली. मग आमची पोर आली. साधी जाड दोरी, वर तुळईला बांधलेली. ती चढली, दोरी कमरेला, मांडीला, घोट्याला गुंडाळत गेली आणि वर पोचल्यावर तिने दोन्ही हात सोडले. मी चष्मा पुसायला काढला आणि ती खाली येईपर्यंत पुसत राहिलो.

नंतर चर्चा होती. चर्चा नसेल तर ती नवी सर्कस नव्हे. त्यांचा दिग्दर्शक पुण्याचा, खादीचा सदरा घालणारा, स्वभावाने फार चांगला मुलगा. मी "खेळ छान झाला" म्हणालो, तर म्हणाला, "आम्ही याला खेळ म्हणत नाही सर, प्रस्तुती म्हणतो. तुम्हाला नेमकं काय जाणवलं?"

"भीती," मी म्हणालो.

त्याला इतका आनंद झाला की मी पुढे काही बोललो नाही.

घरी येऊन मी भावाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुट्टी कितकी गावता तिका?" तेवढंच. पुतणी सुट्टीत आली, विषय काढायला लागली, की त्याला बागेत काहीतरी काम निघे. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. आमच्या भावाचा राग समजतो, मौनाचा मात्र काही थांग लागत नाही.

मग त्या मंडळींनी गावोगावी जायचं ठरवलं. शहरातल्या दोनचारशे जाणकारांनी पाहून पाहून झालं होतं, आता कला लोकांपर्यंत न्यायची होती. कसाल, कुडाळ अशी नावं ठरली, आणि त्यांत पुतणीने आमचं गाव घातलं. जागा एकच, देवळापुढचं उत्सवाचं पटांगण, ज्याला आम्ही मांड म्हणतो. त्यासाठी मानकऱ्यांची बैठक झाली. अर्ज घेऊन मी गेलो होतो.

"सिंव आसा?" एका मानकऱ्याने विचारलं.

"नाही."

"हत्ती?"

"नाही. कुठलंच जनावर नाही."

"मगे सर्कस कसली?"

"हत्ती बगूचो आसात तर दोडामार्गाक जा रे," दुसरा म्हणाला. "फुकट दिसतलो, वर तुझी केळी पण खातलो. आणि माझ्या बागेत गवो रोज येता, तेका मी तिकीट लावलंय?"

यावर हशा झाला आणि परवानगी मिळाली. अट एकच, आणि ती अट म्हणण्याइतकीही कोणाला वाटली नाही: सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे विहीर खणायची असो, मुलगा आखातात जायचा असो की दशावतार उभा राहायचा असो, आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी हात जोडून सगळी परिस्थिती मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. देव सर्वज्ञ असला तरी त्याला तपशील द्यावा लागतो. कोण आलाय, कोणाचा कोण, काय काम करतो, काय मागतो, हे स्वच्छ सांगायचं. एका गृहस्थाने मागे घाईघाईत "विहिरीक पाणी लागू दे" एवढंच म्हटलं, कोणाच्या ते सांगायचं राहिलं, आणि पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला लागलं. देवाला कोणी दोष दिला नाही.

आणि हे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा आहे. म्हणजे माझ्या भावाचा.

मी फोनवर पुतणीला विचारलं, "हे तू मुद्दाम केलंस ना?"

"काका, घरात बोलान बगलंय मी. सर्कस म्हटला की बाबा काजीचो मोहोर बगूक भाय्र जातत. देवळात खंय जातले?"

म्हणजे तिने बापाला देवापुढे उभं केलं होतं, तेही सगळ्या गावादेखत. त्याला एक तर तिचं काम काय ते सांगावं लागणार होतं, नाहीतर देवाशी खोटं बोलावं लागणार होतं. दुसरं तो करणार नाही हे तिला ठाऊक होतं. पहिलं करेल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. "आणि तेंनी दुसऱ्या कोणाक घालूक सांगितल्यानी तर?" असं तिनेच शेवटी विचारलं.

दौरा जवळ आला तसा भावाचा घसा बसला. तो खुणेने सांगू लागला की यंदा दुसऱ्या मानकऱ्याने घालावं. वहिनीने मिऱ्याचा काढा त्याच्यासमोर आदळला.

"काल क्रिकेट बगताना आराडत होतात, तेवा घसो बरो होतो?"

काढ्याचा गुण यायला तो संपावाही लागला नाही. मग एका संध्याकाळी तो घरापुढच्या खळ्यात माझ्याजवळ येऊन बसला. आधी सुपारीवर बोलला, मग पंपावर. मग म्हणाला, "'लेकरां आपली कला दाखवूक इलीत' असा म्हटला तर?"

"कोणाची लेकरं? कसली कला?"

"ता देवाक म्हायत आसा."

"मग गाऱ्हाणं कशाला घालतोस?"

"तुका काय जाता बोलूक," तो म्हणाला. "तू वर्गात बोललंस, घंटा झाली, घराक गेलंस. हंय रोज तीच तोंडां बगूची आसत." आणि उठून गेला. त्याला लोकलज्जा वाटते आहे, पोरीच्या लग्नाची काळजी वाटते आहे, असा मी निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढायची मला सवय आहे.

खेळाच्या दिवशी मंडळी टेम्पोतून आली. त्यांनी मांडावर तीन लांब लोखंडी खांबांची तिवई उभी केली, तिच्या टोकाला दोरी, खाली जाड गादी. गावाने आपल्या परीने तयारी केली होती, म्हणजे खुर्च्या मांडल्या आणि सत्कार ठरवले. सरपंचांचा, स्वतःच्या गावात उपस्थित राहिल्याबद्दल, शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भावालाही शाल मिळाली. दिग्दर्शकाला हे सगळं फार आवडलं. त्याने भावाला नम्रपणे विचारलं, "काका, गाऱ्हाणं साधारण किती मिनिटांचं असतं? आम्हाला दिवे त्याप्रमाणे लावायचेत."

"देव आयकता तितक्या मिनटांचा."

"आणि हा माईक शर्टाला लावू का?"

"देव बहिरो न्हय."

सूर्य बुडता बुडता भाऊ देवळाच्या पायरीपुढे उभा राहिला. मंडळी ओळीने मागे. पुतणी टोकाला, हातांना पकड यावी म्हणून पांढरी पूड चोळलेली. सारा गाव उठून उभा राहिला. भावाने हात जोडले, आणि घरात ज्याला दुसऱ्यांदा 'काय?' विचारावं लागतं त्या माणसाचा आवाज मांडाच्या टोकापर्यंत गेला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या मांडार पावणे इले आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"लांबसून इले, तुझो हुकूम घेवन खेळ करतत!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळेच पावणे नाय, म्हाराजा. तेतूर एक चेडू ह्याच गावचा आसा!"

"व्हय म्हाराजा!" पण चेडू म्हणजे मुलगी, तेव्हा आता माना वळू लागल्या.

"ता चेडू माझा आसा!"

"व्हय म्हाराजा."

इथे तो थांबला. गाऱ्हाण्यात थांबायचं नसतं. थांबलं की लोकांना आपण कुठे आहोत ते कळत नाही. पुतणीने जोडलेले हात छातीशी घट्ट आवळले होते. माझ्या शेजारी वहिनी हळूच म्हणाली, "बोला हो आता, बोला."

"ता औषधाच्या कारखान्यात नाय, म्हाराजा. ता सर्कशीत आसा. दोरयेर चढता!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने म्हणून मोकळा झाला, आणि मग आपण कशाला होकार दिला ते त्याच्या ध्यानात आलं. मागून एक बारीक "आँ?" ऐकू आलं. पण होकार देवापुढे गेला होता, तो परत घेता येत नाही.

"ह्या मी तुका सांगूक नाय, गावाक सांगूक नाय, ही चूक माझी!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार मात्र आधीच्या सर्वांपेक्षा जोरात आणि पूर्ण विचारांती आला. डोकेदुखीच्या गोळ्यांचा शेजारी त्यात आघाडीवर होता.

"ता वर चढता तेवा माका हंय झोप लागत नाय, म्हाराजा. तेका नाव नको, टाळये नको, पेपरात फोटो नको. जसा वर जाता तसाच खाली येवंदे रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या शेवटच्या होकारात एक आवाज पुतणीचाही होता. मी माझा निष्कर्ष गुपचूप खिशात घातला.

दिग्दर्शकाचे डोळे भरून आले होते. मला म्हणाला, "सर, हे उद्या कसालला पुन्हा करता येईल?" मी सांगितलं, तिथला देव वेगळा आहे.

मग प्रस्तुती सुरू झाली. तिला ध्वनिमुद्रित निवेदन होतं, गंभीर आवाजातलं, प्रत्येक वाक्यानंतर अर्थ झिरपण्यासाठी जागा सोडलेली.

"माणूस जमिनीला बांधलेला आहे," आवाज म्हणाला आणि थांबला.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

कोणी चेष्टा करत नव्हतं. मांडावर उभं राहून कोणी तसल्या सुरात बोलून थांबला, तर काय म्हणायचं हे आमच्याकडे पाळण्यापासून ठरलेलं असतं.

"तरीही तो सतत वर पाहतो."

"व्हय म्हाराजा!"

"पण वर काय आहे?"

हा प्रश्न निघाला. गाव क्षणभर गोंधळला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मदत केली, "नारळ!"

खुर्चीवाला तरुण हसू आवरता न आल्याने खरोखरच खुर्चीतून पडला, आणि त्याला त्या संध्याकाळची पहिली टाळी मिळाली.

नव्या सर्कशीचा प्रभाव पडतो असं म्हणतात, ते खरं आहे, पण तो दोन्हीकडून पडतो. त्यानंतर आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात देशभक्तिपर गाण्याच्या जागी मनोरे आणि कोलांट्या आल्या. दशावतारातला एक राक्षस हल्ली कोलांटी उडी मारून प्रवेश करतो आणि पोट मोठं असल्यामुळे ती बघण्यासारखी होते. उलट, ही मंडळी आता शहरातल्या प्रयोगाआधी प्रेक्षकांना हुंकार द्यायला शिकवतात म्हणे. पत्रकात त्याला 'सामूहिक प्रतिसादाची लोकपरंपरा' म्हटलं आहे. शहरातल्या लोकांना ते दोनदा म्हणून दाखवावं लागतं.

त्या संध्याकाळी शेवटी दोरीची पाळी आली. पुतणी चढू लागली आणि निवेदनही थांबलं. गाव मात्र गप्प बसला नाही. "गो बाये, पुरे आता, उतर!" एक म्हातारी ओरडली. "तिका चढूक दी गे," दुसरी म्हणाली, "आपल्याक काय, झाडावयली कैरी काढूक बरी." पुतणी टोकाला पोचली. दोरी कमरेभोवती घेतली, पायाभोवती घेतली आणि हात सोडून उलटी झाली.

तेव्हा माझा भाऊ सरपंचांच्या शेजारच्या खुर्चीतून उठला, शाल तशीच खांद्यावर, आणि चालत जाऊन दोरीखाली गादीवर उभा राहिला. चपला काढून. दिग्दर्शक कडेने हातवारे करत होता, पण भाऊ वर पाहत होता.

"बाबा, बाजूक व्हा!" वरून उलट्या डोक्याने पुतणी म्हणाली.

"तू तुझा कर. मी हंय आसंय."

"माका खाली येवचा आसा!"

"मगे ये."

शेवटी एकदम सुटून जमिनीपासून हातभर अंतरावर थांबायचं, हा तिच्या खेळाचा कळस. गोव्यात त्याला लोक उभे राहतात. ते तिला त्या दिवशी करता आलं नाही, कारण तिथे बाप उभा होता. ती हळूहळू, हात बदलत, माडावरून उतरल्यासारखी खाली आली. ते बघायला फार काही नव्हतं. गावाने मात्र देवळाची कौलं हलतील एवढ्या टाळ्या वाजवल्या, कारण गावाने जे मागितलं होतं तेच झालं होतं.

खेळ संपला. दिग्दर्शकाने चर्चा जाहीर केली आणि तेवढ्यात खुर्च्या रिकाम्या झाल्या. मंडळी सामान आवरू लागली. भाऊ अजून गादीवरच होता. त्याने दोरी हातात घेऊन खेचून पाहिली, तिचा पीळ चाचपला. मग पुतणीला विचारलं, आणि तिच्या कामाबद्दलचा हा त्याचा पहिला प्रश्न:

"चढताना श्वास खंय सोडतंस?"

"अंग वर ओढताना सोडूचो. थांबलंय काय घेवचो. नायतर वर पोचासर दम जाता."

"आमचा पण तसाच," तो म्हणाला. "'म्हाराजा' म्हणताना सोडूचो. लोक व्हय म्हणतत तितक्यात घेवचो."

"मगे मधीच थांबलात तेवा?"

"तेवा धरून होतंय."

मग तिने दोरी त्याच्या हातातून घेतली आणि पायाभोवती कशी गुंडाळायची ते दाखवू लागली. तो वाकून बघत होता, मध्येच "ही गाठ न्हय?" विचारत होता, आणि ती "गाठ नसता बाबा, आपलाच वजन धरता" असं सांगत होती. तिवई उतरवायला आलेले दोघे जण बाजूला थांबले. बाजूला व्हा म्हणायला कोणी पुढे होईना. टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न वाजवून पाहिला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "चला भावजी, तुमी जेवान घेवा. ह्येंचा आता काय सरणा नाय."